नरकाची भीती नक्की कुणाला वाटते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या अंकात एका वाचकांचं पत्र होतं की नास्तिक लोक वरून कितीही आव आणू देत, एकदा मरण समोर दिसलं की त्यांना नरक आठवतोच आणि मग गपचूप देवाचं नाव घेतात. त्यावर ह्या रविवारी अजून काही पत्रं आली, सगळ्यांचं म्हणणं तेच, अगदी बरोबर बोललात म्हणून. पण ज्यांच्याबद्दल चाललंय त्या नास्तिकांपैकी एकाचंही पत्र त्यात नव्हतं. म्हणून मी लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर काटछाट करा, फक्त आमच्या आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी नास्तिक आहे. माझे वडीलही होते. आई मात्र अजून पहाटे उठून देवपूजा केल्याशिवाय चहा घेत नाही, आणि त्या दोघांनी एका घरात अख्खा संसार केला. हे सांगते कारण बऱ्याच लोकांनी नास्तिक माणूस जवळून बघितलेलाच नसतो. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक लिहून घेणारे अख्ख्या देशात ३३ हजारांच्या आसपास निघाले, त्यातले ९,६५२ आपल्या महाराष्ट्रातले, आणि हा आकडा देशात सगळ्यात जास्त. खरे नास्तिक ह्याहून कितीतरी जास्त असणार, पण जनगणनेवाले दारात आले की घरातलं कुणीतरी धर्म सांगून मोकळं होतं. तर अशा थोडक्या लोकांबद्दल बोलताना ऐकीव गोष्टींवर जास्त चालतं, म्हणून थोडं आतून सांगते.

पहिली गोष्ट कबूलच करते की काही नास्तिकांना नरकाची भीती वाटते. खोटं कशाला बोलू. माझ्या आजोळी माजघराकडे जायच्या बोळात, कणगीच्या वर एक रंगीत चित्र टांगलेलं होतं, जत्रेत मिळायचं तसलं. त्यात उकळत्या तेलाच्या कढईत माणसं, एकाला दोन यमदूत करवतीने चिरतायत, एका बाईची जीभ सांडशीने ओढलीय आणि प्रत्येकाच्या खाली कुठल्या पापाची ही शिक्षा ते लिहिलेलं. खोटं बोलणाऱ्याच्या चित्राखाली काय होतं ते मला आजही तोंडपाठ आहे. रात्री पाणी प्यायला जायचं तर मी त्या बोळातून डोळे मिटून पळायचे. सहा-सात वर्षांच्या पोरीच्या मनात एकदा ही कढई बसली की पुढे ती कितीही वाचू दे, कितीही विचार करू दे, कधीतरी तापात, कधीतरी ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती कढई दिसणारच. भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेला माणूस पण अमावास्येच्या रात्री गावातल्या चिंचेखालून जाताना पाय जरा उचलतोच, तसंच हे. पाय उचलला म्हणून चिंचेवर भूत आहे हे सिद्ध होत नाही, लहानपणी कुणीतरी चिंच दाखवून घाबरवलं होतं एवढंच सिद्ध होतं.

ह्यावर एक प्रयोग झालेला आहे. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये तो छापला. आस्तिक आणि नास्तिक अशा दोन्ही लोकांच्या बोटांना यंत्र लावलं, घामामुळे त्वचेत होणारा बदल मोजणारं, आणि त्यांना मोठ्यांदा वाक्यं म्हणायला लावली, मी देवाला आव्हान देतो की माझ्या आईवडिलांना बुडवून मार, मला कॅन्सर होऊ दे, असली भयंकर. तोंडाने विचारलं तर नास्तिक म्हणाले आम्हाला विशेष काही वाटलं नाही, पण घाम आस्तिकांइतकाच फुटला होता. लोक हा प्रयोग दाखवून म्हणतात बघा, आतून मानतातच. मला तसं वाटत नाही. एक तर प्रयोगातली माणसं फार थोडी होती. आणि दुसरं, स्वतःच्या आईबापाच्या मरणाचं वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, तेही देव हा शब्द घालून, जो शब्द लहानपणापासून धाकाबरोबरच ऐकलाय, घाम फुटणार नाही तर काय होईल. अंग घाबरतं ते सवयीने. एखादी गोष्ट खरी मानणं हे वेगळं काम आहे, ते विचार करून होतं, आणि घामावरून त्याचा निकाल लावता येत नाही.

दुसरं सांगते. माझी एक मैत्रीण वसईची आहे, कॅथलिक घरातली. आता ती काही मानत नाही. पण रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चुकवणं हे मोठं पाप आणि पापाची कबुली न देता मेलं तर थेट नरक, हे तिला धर्मशिक्षणाच्या वर्गात इतकं पक्कं शिकवलेलं की कॉलेज संपून नोकरीला लागल्यावरही एखादा रविवार चुकला की सोमवारी रस्ता क्रॉस करताना तिच्या छातीत धडधडायचं. ती मला एकदा म्हणाली, तुमच्या त्या वैतरणी नदीची मला अजिबात भीती वाटत नाही गं. आणि मला तिच्या नरकाची वाटत नाही. इस्लाममधल्या जहन्नमची तर आम्हा दोघींनाही कधी वाटली नाही. मागच्या रविवारी पत्र लिहिणाऱ्या काकांना मी नम्रपणे विचारते, तुम्हाला जहन्नमची भीती वाटते का? रात्री झोप उडते का त्या विचाराने? नाही ना? तुम्ही त्याबद्दल जितके निर्धास्त आहात तितकीच मी आपल्या पुराणातल्या रौरव आणि कुंभीपाकाबद्दल आहे. ज्या घरात जन्मलो त्या घरातल्याच नरकाची भीती वाटते, शेजारच्या घरातल्या नरकाची नाही, ह्यावरूनच कळायला हवं की ही भीती कुठून येते.

फ्रान्समध्ये सतराव्या शतकात पास्काल नावाचा मोठा गणिती होऊन गेला, त्याने पैजेसारखा हिशोब मांडला की देव मानून चुकलात तर फारसं काही जात नाही, न मानून चुकलात तर कायमचं नुकसान, म्हणून मानलेलं बरं. आपल्याकडेही लोक हेच बोलतात, मानायला काय जातंय. पण कुठला देव मानायचा ते पास्कालच्या हिशोबात येत नाही, त्याच्यापुढे एकच होता. आणि जर कुणी सगळं बघणारा वर बसलाच असेल तर त्याला हे कळणार नाही का की ही बाई नुकसान टाळायला हात जोडतेय? मला तर हे देवाचा अपमान केल्यासारखं वाटतं. आमची आई पहाटे फुलं काढते ती कसल्या हिशोबाने काढत नाही, तिला मनापासून ते आवडतं. तुकोबांनी तर मुक्तीच नको म्हणून सांगितलं, गर्भवास खुशाल दे म्हणाले. ज्यांची भक्ती खरी असते त्यांच्या तोंडी नरकाचा धाक मी फार कमी ऐकलाय.

आणि नास्तिकपणा काही परदेशातून आलेला नाही. भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः, देहाची राख झाल्यावर परत येणं कसलं, हे चार्वाकांच्या नावावरचं वचन माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात, विरोध करायसाठी का होईना, लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत आहे. त्यातच पुढे विचारलंय की श्राद्धाचं जेवण मेलेल्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्या जिवंत माणसाने शिदोरी कशाला बांधून न्यायची, घरी बसून त्याच्या नावाने वाढा की. म्हणजे हे प्रश्न इथल्याच लोकांना पडलेले आहेत, फार पूर्वीपासून.

आता मरणाच्या दाराशी काय होतं ते. डेव्हिड ह्यूम हा स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ, परलोक न मानणारा म्हणून त्या काळात बदनाम. १७७६ च्या उन्हाळ्यात तो पोटाच्या आजाराने एडिंबरात मरणपंथाला लागला होता. जेम्स बॉसवेल नावाचा लेखक ७ जुलैला, रविवारी, चर्चला जायला उशीर झाला म्हणून मुद्दाम त्याच्याकडे गेला, कशासाठी तर आता तरी हा माणूस परलोक मानतोय का ते बघायला. ह्यूम दिवाणखान्यात एकटाच बसलेला, हडकलेला, राखाडी कपडे घातलेला, आणि अगदी शांत. बॉसवेलने विचारलं की मेल्यावर काही असणं शक्य तरी आहे की नाही? ह्यूम म्हणाला, शक्य तर हेही आहे की विस्तवात टाकलेला कोळसा पेटणार नाही. मग बॉसवेलने विचारलं, आपण कायमचे नाहीसे होणार ह्याने अस्वस्थ वाटत नाही? त्यावर त्याचं म्हणणं असं की जन्माआधी मी नव्हतो त्याचं मला जेवढं दुःख, तेवढंच नंतर नसण्याचं, म्हणजे अजिबात नाही. आणि मग काय झालं तर घाबरला तो बॉसवेल. त्यानेच लिहून ठेवलंय की मला एकदम धोक्यात सापडून शस्त्रं शोधणाऱ्या माणसासारखं झालं, आईने लहानपणी शिकवलेलं सगळं आठवायला लागलो. ह्यूम २५ ऑगस्टला गेला, शेवटपर्यंत तसाच होता.

ह्या बॉसवेलचे गुरू म्हणजे डॉ. सॅम्युएल जॉन्सन, इंग्रजीचा मोठा शब्दकोश करणारे, अतिशय श्रद्धाळू माणूस. ते काही ह्यूमच्या शांतपणावर विश्वास ठेवायला तयार नव्हते, म्हणाले नाटक आहे. पण १७८४ मध्ये, मरायच्या काही महिने आधी, ऑक्सफर्डला मित्रांमध्ये बसलेले असताना ते स्वतःच बोलून गेले की मी शिक्षा होणाऱ्यांतला असेन ह्याची मला भीती वाटते. शिक्षा म्हणजे काय म्हणता, असं एकाने विचारलं तर मोठ्याने म्हणाले, नरकात धाडणं साहेब, आणि कायमची शिक्षा. मला हे वाचून जॉन्सनबद्दल फार वाईट वाटलं. आयुष्यभर प्रार्थना केलेला, गरिबांना घरात ठेवून घेतलेला, इतका विद्वान माणूस आणि शेवटी ही धास्ती. नरकाची भीती कुणाला वाटते असं कुणी मला विचारलं तर मी जॉन्सनचं नाव घेईन, ह्यूमचं नाही.

परदेशातली उदाहरणं नको असतील तर भगतसिंग घ्या. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये, फाशीची शिक्षा आता सुनावली जाणार हे माहीत असताना, लाहोरच्या तुरुंगात त्यांनी आपण नास्तिक का आहोत ते लिहिलं. बाबा रणधीरसिंग नावाचे एक वयस्क क्रांतिकारक त्याच तुरुंगात होते, त्यांनी भगतसिंगांना देवाकडे वळवायचा खूप प्रयत्न केला आणि जमलं नाही तेव्हा रागाने म्हणाले की प्रसिद्धीमुळे तुला अहंकार झालाय. त्याचं उत्तर म्हणून तो लेख. त्यात हा आपला विषय सरळसरळ आलाय. देव मानणाऱ्या हिंदूला पुढच्या जन्मी राजा होण्याची आशा असेल, मुसलमानाला किंवा ख्रिश्चनाला स्वर्गसुखाची, पण माझ्यापुढे काय आहे? गळ्यात दोर पडला आणि पायाखालची फळी सरकली की तो शेवटचा क्षण, पुढे काही नाही, असं त्यांनी लिहिलंय. आणि हेही कबूल केलंय की विश्वास असला की संकट सोसायला सोपं जातं, तो नसताना स्वतःच्या पायावर उभं राहणं पोरखेळ नाही. वय तेवीस. मित्र म्हणायचे शेवटी प्रार्थना करशीलच, तर त्यांना ते स्वतःची घसरण वाटायची. २३ मार्च १९३१ ला फाशी झाली. काकांच्या पत्रात अहंकार हा शब्द आलाय म्हणून मुद्दाम ही गोष्ट सांगितली. १९६६ मध्ये गेलेल्या सावरकरांनीही आपल्यामागे विधी नकोत, देह विद्युतदाहिनीत द्या असं सांगून ठेवलं होतं. श्रीराम लागूंनी तर देवाला रिटायर करा म्हणून आयुष्यभर जाहीर सांगितलं आणि ते ब्याण्णव वर्षं जगून २०१९ ला गेले. एकमेकांशी राजकारणात अजिबात न पटणारी ही माणसं आहेत, पण ह्या एका बाबतीत कुणी डगमगलेलं दिसत नाही.

मोठ्या माणसांचं सोडा असं कुणी म्हणेल, तर अभ्यासही झालेत. ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी २०१७ ला मरणाच्या भीतीवरचे शंभराच्या आसपास जुने अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात मिळून २६ हजार माणसं होती. बऱ्याच अभ्यासांत धार्मिक असण्याचा आणि मरणाच्या भीतीचा काही संबंधच सापडला नाही. पण ज्या थोड्या अभ्यासांत नीट तपासता आलं त्यातल्या बहुतेकांत असं दिसलं की अतिशय श्रद्धाळू आणि अजिबात न मानणारे, दोघांनाही भीती कमी, जास्त भीती ती मधल्यांना. मला हे पटतं. धड सोडलेलं नाही आणि धड धरलेलं नाही, शनिवारी उपास, रविवारी शंका, अशा माणसाची रात्र फार वाईट जात असणार.

आता आमचे आण्णा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. तरुणपणीच देव सोडला, का सोडला ते फार सांगायचे नाहीत, भांडायचे तर कधीच नाहीत. आईला पंढरपूरला स्वतः एसटीत बसवून द्यायचे आणि परतल्यावर प्रसादाची बत्ताशी आवडीने खायचे. लिव्हरचा कॅन्सर निघाला तोपर्यंत उशीर झालेला. शेवटचे काही आठवडे घरीच, पुढच्या खोलीत लोखंडी कॉटवर. त्या दिवसांत मी त्यांच्याशी खूप बोलले आणि एकदा सरळ विचारलं, आण्णा भीती वाटते का? म्हणाले वाटते. कशाची? तर म्हणाले, श्वास कोंडायला नको. डॉक्टर आले की पहिला प्रश्न तोच, श्वास कोंडणार नाही ना, दुखायला लागलं तर औषध आहे ना. डॉक्टर भले माणूस, त्यांनी बसून समजावून सांगितलं, मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, धाप लागली तर त्याचाही उपयोग होतो म्हणाले, त्यानंतर आण्णांचा चेहरा जरा सैल झाला. दुसरी काळजी आईच्या पेन्शनची, ती रक्कम फार छोटी असते, तिचे फॉर्म कुठे आहेत, बँकेत कुणाला भेटायचं, ते मला वहीत लिहून घ्यायला लावलं. तिसरी काळजी आईचीच, ती एकटी जेवायची नाही, तिच्यासोबत कुणीतरी ताटावर बसा. ही तीन भयं. नरक त्यात नव्हता, आणि मी जवळ बसून ऐकलंय म्हणून सांगते.

आक्कात्या रोज यायची, त्यांची मोठी बहीण. तिला राहवेना. एका दुपारी त्यांचा हात धरून म्हणाली, भाऊ आता तरी पांडुरंगाचं नाव घे रे. आण्णा म्हणाले, तू घे की आक्का, मी ऐकतो. मग ती हरिपाठ म्हणत बसली, गळा गोड आहे तिचा अजून, आणि आण्णा डोळे मिटून ऐकत होते, कॉटच्या दांडीवर एका बोटाने ताल धरलेला. पुढे ह्याचीच गोष्ट झाली. बाराव्याला येणारे-जाणारे म्हणायला लागले बघा, शेवटी वळलेच. मला त्याचा फार त्रास झाला. बहिणीच्या आवाजात लहानपणीचे शब्द ऐकावेसे वाटणं हे माणसाचं साधं मन आहे, त्याला शरणागती म्हणून मिरवू नका. क्रिस्टोफर हिचन्स नावाचे इंग्रज नास्तिक लेखक कॅन्सरने २०११ मध्ये गेले, त्यांनी तर आधीच बजावून ठेवलं होतं की औषधांच्या आणि दुखण्याच्या भरात मी शेवटी काही बोललोच तर ते माझं मत धरू नका. आण्णांना असं बजावून ठेवायचं सुचलं नाही, त्यांना वाटलं नसेल की आपलीच माणसं असं करतील.

आण्णांनी देहदानाचा फॉर्म भरलेला होता, आईची सही त्यावर होती. पहाटे गेले, दुपारच्या आत मेडिकल कॉलेजची गाडी आली. इथून पुढे जे झालं त्यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

चुलते म्हणाले अग्नी नाही, पिंड नाही, दशक्रिया नाही, मग कावळा शिवणार कशाला, आणि कळणार कसं की ह्याची काही इच्छा राहिली का. भावाने केस काढले नाहीत ह्यावरून बोलणी झाली. एक लांबचे पाहुणे संध्याकाळी गरुड पुराण घेऊन आले, म्हणाले निदान हे तरी वाचा. आणि मग आईसमोर बसून त्यांनी ते सगळं सांगितलं, यमाची वाट, रक्तापुवाने भरलेली वैतरणी, गाईचं शेपूट धरल्याशिवाय पार होत नाही म्हणून गोदान, नाहीतर निदान चांदीची छोटी गाय. नरकात जाणाऱ्यांच्या यादीत त्या पुराणात नास्तिकांचं नाव स्पष्ट आहे, ते त्यांनी टाळलं नाही, उलट जरा थांबून वाचलं. नवरा जाऊन आठवडा न झालेल्या बाईसमोर. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यानंतर कितीतरी रात्री आई झोपली नाही. दिवा लावून कॉटकडे बघत बसायची. मला विचारायची, ह्यांना आता काही त्रास होत असेल का गं? तहान लागली असेल का? मी काय उत्तर देणार. माझ्याकडे चार्वाक होता, ह्यूम होता, त्यातलं काही तिच्या कामाचं नव्हतं. ज्या माणसाला स्वतःच्या नरकाची कधी भीती वाटली नाही त्याच्या नरकाची भीती त्याच्या बायकोने भोगली, आणि ती तिच्या मनात मुद्दाम घालण्यात आली, प्रेमाच्या माणसांनी घातली. बॉसवेल निदान स्वतःसाठी घाबरला होता, आमची आई दुसऱ्यासाठी घाबरत होती, आणि त्यावर काही उपायच नव्हता कारण आण्णा आता नाम घेऊ शकत नव्हते, गाय देऊ शकत नव्हते. कर्ज काढून तेराव्याला शंभर पानं उठवणारी घरं मी बघितलीत आमच्या भागात. लोक म्हणतात रूढी आहे, हौस आहे. मला आता वाटतं ती ह्याच भीतीची रक्कम आहे.

तिला थोडा उतार पडला तो कॉलेजमध्ये कागदपत्रांसाठी गेलो तेव्हा. शरीरशास्त्र विभागातल्या मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की पहिल्या वर्षाची मुलं देहासमोर उभी राहून शपथ घेतात, की ह्यांचा मान राखू, ह्यांना आमचे पहिले शिक्षक मानू. आई घरी येताना एसटीत म्हणाली, म्हणजे हे आता मास्तर झाले. पितृपक्षात ती अजून गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवते, त्यावर बत्ताशी असते. मी अडवत नाही, तिचं तिला बरं वाटतं, आणि आण्णांनीही अडवलं नसतं.

माझ्यापुरतं विचाराल तर नरक नाही ह्याचा मला काही विशेष आनंद होत नाही, जे नाही ते नाही. मला खुपतं ते दुसरंच. परलोक नाही म्हणजे आण्णा परत भेटणार नाहीत, कुठेच, कधीच. काही रात्री हे इतकं अंगावर येतं की वाटतं काहीतरी असावं, एखादं वर्कशॉप असावं जिथे ते हात पुसत उभे असतील. आस्तिकांकडे ही आशा आहे आणि ती मोठी गोष्ट आहे, तिची मी कधी थट्टा करणार नाही. पण मला हवंसं वाटतं म्हणून ते असेल असं मला मानता येत नाही, जसं लहानपणी कढईला घाबरले म्हणून कढई आहे असंही मानता येत नाही. नास्तिकाचं दुःख इथे असतं. त्याला भित्रा किंवा घमेंडी म्हणणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं एवढंच वाटतं.

आता थोड्या कामाच्या गोष्टी. देहदानाचा फॉर्म भरला असेल तर घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नुसती एक सही पुरत नाही, ऐनवेळी एकाने जरी हट्ट धरला तरी अडतं. फोन नंबर भिंतीवर लावा, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो, पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत, डोळे द्यायचे असतील तर सहा तासांच्या आत. हे सगळं तुमच्या पेपरात पितृपक्षाच्या आसपास एका चौकटीत छापता आलं तर बरं होईल, त्याच दिवसांत लोक ह्यावर बोलत असतात.

आणि गुरुजींना, कीर्तनकारांना, मोठ्या माणसांना एक विनंती. गरुड पुराण ज्यांना वाचायचंय त्यांनी खुशाल वाचावं, माझी काही हरकत नाही. पण ज्या घरात विधी न करता माणूस गेलाय तिथे भेटायला जाल तेव्हा आत्म्याला गती कशी मिळणार हे त्याच्या बायकोला विचारू नका. आजारी माणसाजवळ बसाल तेव्हा त्याच्याकडून नाव वदवून घेऊ नका, तुम्हाला म्हणायचं असेल तर आक्कात्यासारखं तुम्हीच म्हणा. आणि तसलं ते चित्र अजून कुणाच्या घरात टांगलेलं असेल तर पोरं मोठी होईपर्यंत तरी माळ्यावर टाका.

आपली,
एक वाचक, कराड